टबातल्या अळ्या आणि आपले अंड्यांचे पैसे

(पातूर येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी ते बोलले तसंच छापत आहोत.)



मागच्या सभेत मी फळ्यावर आजचा विषय लिहिला, ‘घरच्या घरी कीटकपालन’, तर मागच्या सतरंजीवरून लगेच आवाज आला, “काहून वं पोरी, आता आमाले किडे चारतं काय?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

नाही, तुम्हाला चारत नाही. तुमच्या कोंबड्यांना चारायचं म्हणते. माणसं किडे खातात हे मात्र खरं आहे. लांब कशाला, आपल्याच विदर्भात गडचिरोलीचे माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी खातात. पलीकडे बस्तरात तिला चापडा म्हणतात आणि ती बाजारात द्रोणात विकायला येते. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नागपूरच्या संत्र्याला जसं आहे तसंच. आसामात एरी रेशमाच्या किड्याचा आतला कोश आवडीनं खातात. थायलंडमध्ये खेड्यातले लोक अंगणात सिमेंटच्या टाक्यांत रातकिडे पाळतात आणि विकतात, तिथे असे वीसेक हजार पाळणारे असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये लिहिलं होतं. आणि आपण बाजारातून सुकट आणतो, झिंगे आणतो, ते तरी कोण? किड्यांचेच पाण्यातले चुलतभाऊ. ज्यांना झिंगे खाल्ले की अंगावर गांधी उठतात, त्यांना किडे खाऊनही तसंच होऊ शकतं, इतकं जवळचं नातं आहे.

तरी मी तुम्हाला असं काही करून विकायला सांगणार नाही. माणसाच्या खाण्याचं काहीही विकायचं तर अन्न परवाना लागतो, आणि पातूरच्या बाजारात अळीची चटणी घ्यायला कोणी उभं राहणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. आपलं गिऱ्हाईक वेगळं आहे. ते रोज सकाळी खुराड्यातून बाहेर पडतं आणि थेट उकिरड्यावर जातं.

कोंबडी उकिरड्यावर काय करते ते कधी नीट पाहिलं का? ती पायानं उकरते, मान वाकडी करून बघते, टोच मारते. दाण्यासाठी नाही, दाणा तर आपण अंगणात टाकतो. ती उकरते अळीसाठी. ज्वारीच्या चुरीत, तांदळाच्या कणीत पोट भरायची ताकद आहे, पण अंडं बनवायला, पिल्लाचं अंग भरायला जी प्रथिनं लागतात ती त्यात थोडी. डाळीत जशी असतात तशी. ती कोंबडी अळीतून मिळवते. पावसाळ्यात तिला भरपूर मिळतं, म्हणून पावसाळ्यात कोंबडी तकतकीत दिसते. उन्हाळ्यात जमीन कडक होते, किडे खोल जातात आणि कोंबडी अंड्यावरून उठते. आपण म्हणतो उन्हानं उठली. ऊन तर आहेच, पण पोटही आहे.

कंपनीच्या खाद्यात हीच प्रथिनं घालतात, आणि ती येतात कशातून? बहुतेक सोयाबीनच्या ढेपेतून. म्हणजे आपण सोयाबीन पिकवतो, पडत्या भावात अडत्याला घालतो आणि त्याचीच ढेप खाद्याच्या बॅगेत घालून आपल्याला परत विकली जाते. मला या गोष्टीचा फार राग येतो, पण तो आजचा विषय नाही. जाता जाता एवढंच सांगते की घरचं सोयाबीन कोंबडीला द्यायचं असेल तर भाजून, भरडून द्या. कच्चं देऊ नका, ते तिला पचत नाही.

आता अळीकडे येते. दोन प्रकार सांगते, एक अगदी जुना आणि एक नवा.

जुना म्हणजे उधईचं मडकं. आफ्रिकेत टोगो, बुर्किना फासो या देशांत खेड्यातले लोक पिल्लांसाठी हेच करतात. फुटकं-तुटकं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, कडब्याचे तुकडे, बारदान्याचा एखादा तुकडा भरायचा, थोडं पाणी शिंपडायचं आणि जिथे उधई दिसते तिथे धुऱ्यावर पालथं घालून वरून पोतं टाकायचं. एक-दोन दिवसांनी उचललं की आत उधई भरलेली. तसंच नेऊन पिल्लांपुढे झटकायचं. लहान पिल्लाला मोठी अळी गिळत नाही, उधई गिळते. पैसा शून्य. फक्त तीन गोष्टी सांभाळा. हे मडकं घराच्या भिंतीजवळ, दाराच्या चौकटीजवळ, लाकडांच्या ढिगाजवळ ठेवायचं नाही, नाहीतर उधईला आपणच घरचा रस्ता दाखवू. ज्या शेतात उधईसाठी औषध टाकलं तिथली उधई घ्यायची नाही. आणि वारूळ फोडायचं नाही. नागपंचमीला आपण ज्याला हळदकुंकू वाहतो त्यावर टिकास घालायची नाही, हे तर झालंच, पण त्यात खरंच साप असतो म्हणूनही घालायची नाही.

नवा प्रकार म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. इंग्रजीत तिला ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. नाव नवं आहे, माशी नवी नाही. तुमच्या शेणखताच्या खड्ड्यात, सडलेल्या भोपळ्याखाली तुम्ही ती अळी पाहिलेली आहे. चपटी, मळकट रंगाची, अंगावर वळ्या असलेली, हाताला खरखरीत लागणारी. घरमाशीची अळी वेगळी, ती पांढरी, गुळगुळीत आणि एका टोकाला निमुळती असते. या दोघींतला फरक ओळखायला शिका, सगळं त्यावर आहे.

ही काळी माशी दिसायला गांधीलमाशीसारखी लांबुडकी, पण हिला नांगी नाही, ती चावत नाही. ती घरात येत नाही, ताटावर बसत नाही, कारण माशी झाल्यावर तिला खायचंच नसतं. जे खायचं ते तिनं अळी असतानाच खाल्लेलं असतं. आठवडाभर जगते, जोडी करते, कुजणाऱ्या वस्तूच्या जवळ एखाद्या कोरड्या फटीत काहीशे अंडी घालते आणि मरते. चारेक दिवसांत अंडी फुटतात. अळ्या दोन-तीन आठवडे खा-खा खातात, आपल्या कांड्याएवढ्या होतात, मग काळ्या पडतात. आणि काळी पडली की अळी खाणं सोडून ओलीतून बाहेर कोरड्या जागेकडे चालू लागते. आपलं सगळं तंत्र या एका सवयीवर आहे. ती स्वतः चालत येऊन आपल्या डब्यात पडते. आपण उकरायचं नाही, निवडायचं नाही.

करायचं कसं? एक जुना टब किंवा पसरट घमेलं घ्या. फवारणीच्या औषधाचा कॅन कापून टब करू नका, कितीही धुतला तरी नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे ते कॅन पाण्यालाही वापरलेले मी पाहिले आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते आपल्याला माहीत आहे. अळीचं तर इवलंसं अंग. टबाच्या बुडाला दोन-चार बारीक भोकं पाडा, पाणी निथळायला. बुडात चार बोटं कुटार टाका, सोयाबीनचं, तुरीचं, जे असेल ते. त्यावर ओला कचरा, तीन-चार बोटांपेक्षा जाड थर नको. वर पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा, ज्याच्या कडेला बारीक नळ्यांसारखी भोकं दिसतात तो, खोक्याचा. कचऱ्याला टेकू द्यायचा नाही, वर अधांतरी ठेवायचा. माशी त्या भोकांत अंडी घालते. टबाच्या एका बाजूनं एक फळी तिरपी लावा, आतून वर येणारी आणि बाहेरच्या डब्यात उतरणारी. काळ्या अळ्या रात्री त्या फळीवरून चढतात आणि डब्यात पडतात. सकाळी डबा उचलायचा, कोंबड्यांपुढे रिता करायचा.

टब सावलीत ठेवा, पावसाची झड येणार नाही अशा जागी. मुंग्या अळ्यांना सोडत नाहीत, म्हणून टबाखाली चार विटा आणि विटांखाली पाण्याच्या पसरट ताटल्या, आपण गुळाच्या डब्याखाली ठेवतो तशा. पण त्या ताटल्यांतलं पाणी चार दिवसांआड फेका. नाहीतर कोंबडीसाठी अळ्या पाळताना डासाच्याही पाळाल आणि घरात डेंग्यू आणाल.

माशी विकत आणायची नाही. ती येते. मृग लागला, हवेत ओल आली की कचऱ्याच्या आंबट वासावर ती शोधत येते. दहा-पंधरा दिवस वाट पाहावी लागते आणि तेवढ्यात घरमाश्याही येतात, तेव्हा बाया कंटाळतात. त्या दिवसांत कचऱ्यावर कुटाराचा हात फिरवत राहा, वास आणि घरमाशी दोन्ही कमी होतात. वास आंबट असेल तर ठीक, ताकाच्या मडक्यासारखा. सडका, नाक धरायला लावणारा असेल तर पाणी जास्त झालंय, कुटार घाला.

काय टाकायचं? सडकं वांगं, टमाटर, काकडी, केळ्याच्या साली, आंबलेलं वरण-भात, भिजवलेला कोंडा. काय नाही टाकायचं? पऱ्हाट्या, तुराट्या, वाळलेला पाला, हे तिला खाता येत नाही. लिंबू-संत्र्याच्या साली ढीगभर नको. फवारणी करून दोन दिवसही झाले नाहीत असा भाजीपाला नको. हाडं, मटणाचं उरलेलं नको. आणि मेलेलं पिल्लू, मेलेला उंदीर कधीही नको. मेलेल्या जनावरावर वाढलेल्या अळ्या खाऊन कोंबड्यांची मान लुळी पडते, पाय जातात, दोन दिवसांत मरतात. लोक म्हणतात मानमोडी आली. मानमोडी नसते ती, विष असतं.

शेवटी पाच-पन्नास काळ्या अळ्या बाजूला ठेवा, अंधाऱ्या डब्यात कोरड्या कुटारात. आपण बियाणं ठेवतो तसंच. पंधरा दिवसांत त्यांच्या माश्या होतात, डब्याचं झाकण उघडं ठेवा, त्या उडून तुमच्याच पुठ्ठ्याकडे येतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा टबातल्या अळ्या शिजून मरतात. डिसेंबरच्या थंडीत वाढ फार मंदावते. म्हणून आपल्यासाठी हा धंदा मृगापासून दिवाळीपर्यंतचा, फार तर पुढे महिनाभर. बारमाही सांगणारा माणूस वऱ्हाडात राहिलेला नाही.

आता जे मला आज खरं बोलायचं आहे त्यावर येते.

आपल्या तालुक्यातल्या एका समूहात दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आले. नाव घेत नाही, समूहाचंही नाही, कंपनीचंही नाही. चकचकीत कागद, त्यावर फोटो. ‘अळीपालन युनिट’ चाळीस हजारात. जाळी, ट्रे, अंडी, प्रशिक्षण, सगळं त्यांचं. तुम्ही फक्त अळ्या वाळवून द्यायच्या, महिन्याला शंभर किलो, विकत घ्यायची हमी त्यांची. समूहातल्या सात जणींनी अंतर्गत कर्जाची मागणी लिहून ठेवली आणि ठराव माझ्याकडे आला. मी त्या ताईंना थोडं थांबा म्हटलं. काही जणी माझ्यावर रागावल्या. “तुमीच म्हणता बायांनी धंदा करा, आन करतो म्हटलं की तुमीच आडव्या येता.” त्यांचा राग मला समजतो. म्हणून आज सगळ्यांसमोर हिशेब मांडते, आणि माझ्या शब्दावर जाऊ नका, हिशेब तुम्हीच करा.

अळीत निम्म्याहून जास्त पाणी असतं. तीन किलो ओल्या अळ्या वाळवल्या की साधारण एक किलो होतात. म्हणजे शंभर किलो वाळलेल्या अळ्यांसाठी तीनशे किलो ओल्या पाहिजेत. आणि चांगलं जमलं तर दहा किलो ओल्या कचऱ्यातून दीड ते दोन किलो ओल्या अळ्या निघतात. आता करा गुणाकार. तीनशे किलो अळ्यांसाठी दीड-दोन हजार किलो कचरा. महिन्याचे तीस दिवस. रोज पन्नास-साठ किलो. एका बाईनं. सात जणींनी मिळून रोज साडेतीनशे-चारशे किलो. ताईंनो, आपल्या गावात रोज चारशे किलो वाया जाणारं अन्न असतं का? आपल्याकडे तर भाजीचा देठही बकरी सोडत नाही. उरलेली भाकर कुत्र्याला, ताक म्हशीला. खेड्यात कचरा म्हणून जे म्हणतात ते आधीच कोणाच्या तरी पोटात जातं. मग तो कचरा पातूरच्या भाजीबाजारातून ऑटो करून आणायचा. ऑटोचं भाडं त्या कागदावर नव्हतं. वाळवायला पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं, तेही नव्हतं.

दुसरीकडे व्याज पाहा. शेकडा दोन रुपयांनी चाळीस हजारांचे महिन्याला आठशे. अळी निघो न निघो, आठशे.

आणि विकत घ्यायची हमी. २०१२ च्या सुमाराला इमू पक्ष्याची हमी होती, आठवते का कोणाला? तामिळनाडूत सुरू झालं आणि आपल्या महाराष्ट्रातही लोकांनी ते उंच उंच पक्षी पाळले. विकत घेणारा गेला आणि पक्षी दाणा खात उभे राहिले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण झालं. तिथेही तेच, पैसे भरा, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच घेऊ. पक्षी वाईट नव्हता. कडकनाथ चांगली कोंबडी आहे, आजही आहे. धंदा होता तो नवीन माणसाला पिल्लं विकण्याचा. जुन्याची अंडी घ्यायला पैसे तोवरच होते जोवर नवीन माणसं पैसे भरत होती. आता अळीच्या बाबतीत हे गृहस्थ तसेच आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना फोनवर एवढंच विचारलं की ज्यांनी तुम्हाला दोन वेळा माल दिला आणि ज्यांना पैसे मिळाले अशा तीन बायांची गावं सांगा, आम्ही एसटीनं जाऊन भेटून येतो. त्यांनी सांगतो म्हटलं. अजून सांगून राहिले.

हिशेबापेक्षा मला एक वेगळीच काळजी आहे. आपल्या घरात कोंबडी बाईची असते. शेत त्यांचं, बैल त्यांचा, मोटारसायकल त्यांची, कोंबडी आपली. अंडी विकून आलेल्या पन्नास रुपयांचा हिशेब सहसा कोणी विचारत नाही. पोरीची वही, स्वतःची गोळी, माहेरी जायचं एसटीचं तिकीट त्यातून निघतं. कित्येक ताईंची समूहाची आठवड्याची बचतही त्याच अंड्यांतून येते, मला माहीत आहे. पण तीच गोष्ट ‘युनिट’ झाली, चाळीस हजारांची झाली, की घरातले पुरुष त्यात येतात. मालाचा व्यवहार ते करतात, पैसा त्यांच्या खात्यात जातो. कर्ज मात्र समूहाच्या वहीत बाईच्या नावावर राहतं. हप्ता थकला की सभेत मान खाली कोणाची जाते? मी हे तीन गावांत, तीन वेगवेगळ्या धंद्यांत पाहिलं आहे, अळीच्या आधीही.

मग टबाचा फायदा किती? तोही सांगते, फुगवून नाही. समजा तुमच्या आठ कोंबड्या आहेत. बंद ठेवली तर एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. आपल्या मोकळ्या फिरतात, निम्मं स्वतः शोधतात. उरलेलं, म्हणजे चारेकशे ग्रॅम, आपण टाकतो. समजा विकतचं खाद्य चाळीस रुपये किलो, तर रोजचे सोळा रुपये, महिन्याचे पावणेपाचशेच्या वर. आता घरातून बकरीला न चालणारा कचरा निघतो अर्धा किलो. त्यातून अळ्या निघतील पाऊणशे-शंभर ग्रॅम. ही झाली चव, जेवण नाही. पण शेजारच्या दोन घरांचं घेतलं, बाजाराच्या दिवशी सडके टमाटर एक थैली आणले, आणि रोजचा दोन किलो झाला, तर तीनशे-चारशे ग्रॅम ओल्या अळ्या. मग विकतची बॅग बंद करून घरची ज्वारीची चुरी आणि वर मूठभर अळ्या, एवढ्यावर आठ कोंबड्या चांगल्या चालतात. चुरीची किंमत धरून महिन्याला दोनशे-अडीचशे रुपये वाचतील, तेही सहा महिने. आकडा लहान आहे. पण त्याला कर्ज नाही, व्याज नाही, आणि तो बाईच्या हातात राहतो.

नुसत्या अळ्यांवर कोंबडी ठेवू नका. त्यांत चरबी फार असते. एका कोंबडीला दिवसाला एक मूठ पुरे. टबात शेवटी जो काळा भुसा उरतो तो परसबागेत वांग्या-मिरच्यांना घाला.

गेल्या मृगापासून आपल्या तीन ताईंनी टब ठेवून पाहिला. एकीचा मुंग्यांनी खाल्ला, ताटल्या कोरड्या राहिल्या होत्या, तिनं पुन्हा लावला. दुसरीचा चांगला चालू आहे. तिसऱ्या ताईंनी बंद केला आणि त्यांचं कारण मला सांगावंसं वाटतं. त्या माळकरी आहेत. कोंबड्या सुनेच्या, टब यांच्या अंगणात. म्हणाल्या, “मॅडम, कोंबडी सोताच्या पायानं उकरून खाते ते तिचं कर्म. म्या पाळून तिच्या पुढे टाकू, हे माह्या मनाले पटत नाही.” मी वाद घातला नाही. त्यांच्या सुनेला मी भाजलेल्या सोयाबीनचं सांगितलं, तेही चालतं. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी करू नये, सभेत कोणी त्यांना मागास म्हणू नये.

आणि एक. अळी असो की दाणा, लस नसेल तर सगळं व्यर्थ. मानमोडी एका रात्रीत खुराडं रिकामं करते. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटाचा थेंब, पुढचे डोस पशुसखीला विचारून. आपल्या गावच्या पशुसखीला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणायला गावातली पिल्लं एकदम मोजून द्यावी लागतात, कारण एक बाटली फोडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते. तुम्ही चार पिल्लांसाठी एकेक करून बोलावता आणि तिची बाटली वाया जाते. ग्रामसंघाच्या बैठकीत एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी सगळ्यांनी पिल्लं डालग्याखाली ठेवा. काही मोठा प्रश्न आला तर अकोल्याला पशुवैद्यकाची मोठी संस्था आहे, तिथले डॉक्टर आपल्या बायांशी नीट बोलतात, मी घेऊन जाईन.

त्या सात ताईंच्या कर्जाच्या मागणीचं काय? तो निर्णय समूहाचा आहे, माझा नाही. मी एवढंच सुचवलं आहे की एक पावसाळा टबावर काढा. टबात अळी कशी येते, किती येते, हाताला कसं वाटतं, घरचे काय म्हणतात, ते दिवाळीपर्यंत कळेल. तोवर त्या गृहस्थांकडून तीन गावांची नावं आली तर आपण सगळ्या मिळून जाऊ, एसटीला तसंही बायांना अर्धं तिकीट आहे. नावं नाही आली तर तेही उत्तरच आहे.

पुढच्या सभेला येताना ज्यांना टब लावायचा त्यांनी नळीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि आपल्या खड्ड्यातल्या चार अळ्या डबीत घालून आणा, झाकणाला भोकं पाडून. कोणती सैनिक माशीची आणि कोणती घरमाशीची, ते इथे सतरंजीवर एकमेकींना दाखवू. डबी चहाच्या कपांपासून लांब ठेवा म्हणजे झालं.